अमळनेरच्या परसदारातून एम ७४ : एका अंधुक दीर्घिकेच्या छायाचित्राचं प्रकरण

मेसियेच्या यादीतल्या, म्हणजे अंधुक दिसणाऱ्या दीर्घिका, तेजोमेघ आणि तारकागुच्छांच्या जुन्या यादीतल्या, ११० पदार्थांपैकी लहान दुर्बिणीला सर्वांत जास्त दमवणारा कोणता, असं जुन्या निरीक्षकांना विचारा. बरेच जण एम ७४ म्हणतील. मीन राशीतली ही सर्पिल दीर्घिका आपल्याला थेट समोरून दिसते. तबकडी पूर्ण उघडी, भुजा दोन्हीकडे मोकळ्या. मोठ्या दुर्बिणींच्या चित्रांत ती देखणी दिसते ती याच कारणाने आणि लहान दुर्बिणीला हुलकावणी देते तीही याच कारणाने, कारण तिचा सगळा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरलेला आहे. १७८० मध्ये पिएर मेशँला ती सापडली आणि त्याच वर्षी शार्ल मेसियेने तिची नोंद केली. पुढे जॉन हर्शेलसारख्या कसलेल्या निरीक्षकाने तिला गोलाकार तारकागुच्छ मानलं, आणि १८८८ च्या एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग) यादीत एनजीसी ६२८ या क्रमांकापुढे तसंच वर्णन छापलं गेलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने अमळनेरच्या घरामागून या दीर्घिकेचं छायाचित्र घेतलं. सुरुवातीला त्याच्या हाती जे आलं ते हर्शेलच्या वर्णनापेक्षा फार वेगळं नव्हतं: मधोमध एक तारा आणि त्याभोवती गोल धुरकट डाग. शेवटी जे आलं त्यात दोन्ही भुजा मोजता येतात. मधल्या काळात दुर्बीण तीच होती, कॅमेरा तोच होता. काय बदललं ते सविस्तर लिहितो, कारण धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या मुलांचे मला फोन येतात ते नेमक्या याच टप्प्यावर. सामान जमलेलं असतं, तारे टोकदार येत असतात, पण दीर्घिका काही उमटत नाही, आणि पुढची दुर्बीण कोणती घ्यावी असा प्रश्न असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या अक्षांशावर जी दीर्घिका डोक्यावरून जाते, तिच्यासाठी लहान दुर्बीण आणि घरचं अंगण पुरेसं आहे. पैसा नव्या नळीत घालण्याआधी ती डोक्यावर असतानाचे तास जमवावेत.

मांडणी

भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घर शहराच्या कडेला, कॉलनीच्या शेवटच्या ओळीत. मागच्या कुंपणापलीकडे कपाशी. परसदारात बोअर, एक कडुनिंब, तुळशीवृंदावन आणि ताईने लावलेले मेथी-कोथिंबिरीचे वाफे. पूर्वेला रस्ता आणि त्यावरचा पांढरा एलईडी पथदिवा. उत्तरेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आणि त्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी. ही टाकी पुढे महत्त्वाची ठरते.

दुर्बीण १३० मिलिमीटर व्यासाची न्यूटोनियन (आरशांची), नाभीय अंतर ६५० मिलिमीटर, म्हणजे एफ/५. खाली मोटर लावलेलं मध्यम वजनाचं विषुववृत्तीय माउंट, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक. कॅमेरा वापरलेला, १८ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, त्यात काही फेरफार केलेला नाही. गाइडिंगला, म्हणजे एक तारा धरून माउंटची चाल सतत सुधारत राहायला, एक छोटी नळी आणि छोटा कॅमेरा, आणि शाळेतल्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप. या जोडणीत एक पिक्सेल आकाशातले सुमारे १.४ आर्कसेकंद झाकतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचा साठावा म्हणजे आर्कसेकंद). एम ७४ चा पसारा साधारण १०.५ आर्कमिनिटांचा, म्हणजे चित्रात तिची रुंदी ४६० पिक्सेलच्या आसपास भरते. ५१८४ पिक्सेल रुंद चौकटीत हे लहान वाटतं, पण भुजा सुट्या दिसायला एवढं पुष्कळ झालं.

पहिले फोटो दिवाळीच्या सुट्टीतले. आश्विन अमावास्येची रात्र आपल्याकडे या कामाला मिळतच नाही. घरोघरी माळा आणि वर फटाक्यांचा धूर. भाऊबीज उलटल्यावर, चंद्रकोर मावळली की तो आठच्या आत-बाहेर सुरुवात करायचा. त्या वेळी दीर्घिका पूर्वेला चाळीस-पंचेचाळीस अंशांवर, म्हणजे बरोबर पथदिव्याच्या अंगाला. आयएसओ ३२००, तीस-तीस सेकंदांचे फोटो. दहाच्या सुमारास दुय्यम आरशावर दव धरायचं, की आवरतं घ्यायचा. ती याम्योत्तरावर, म्हणजे आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर, जिथे ती सर्वांत उंच असते, यायची अकराच्या सुमारास. म्हणजे ती सर्वांत चांगल्या जागी पोचायच्या आत दुर्बीण घरात गेलेली असायची.

सगळे फोटो स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्यावर, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाणारा उजेडाचा उतार, चार-पाच राखाडी कडी, आणि मध्ये तो डाग. "मामा, दुर्बीण लहान पडते," तो म्हणाला. आठ इंची न्यूटोनियन आणि शहरी उजेडासाठी विकला जाणारा एक फिल्टर त्याने बघून ठेवला होता. मी म्हटलं, कार्तिक अमावास्येपर्यंत थांब आणि आधी एक हिशेब कर.

हिशेब

एम ७४ ची एकूण प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, सुमारे ९.४; हा आकडा जितका मोठा तितका पदार्थ अंधुक. एवढ्या प्रतीचा तारा अंधाऱ्या जागेवरून ५० मिलिमीटरच्या द्विनेत्रीतही सापडतो. पण इथे तो प्रकाश १०.५ गुणिले ९.५ आर्कमिनिटांच्या लंबवर्तुळावर, म्हणजे जवळपास दोन लाख ऐंशी हजार चौरस आर्कसेकंदांवर वाटला गेला आहे. वाटणी केली की प्रत्येक चौरस आर्कसेकंदाच्या वाट्याला सरासरी २३ वी प्रत येते. भाच्याच्या फोटोंतल्या ओळखीच्या ताऱ्यांशी पार्श्वभूमी ताडून पाहिली तर त्याच्या डोक्यावरचं आकाश चौरस आर्कसेकंदाला २० प्रतीच्या आसपास भरलं. फरक तीन प्रतींचा, म्हणजे जवळपास सोळा पटींचा. आकाशाकडून सोळा फोटॉन येतात तेव्हा दीर्घिकेकडून एक. हे सरासरीचं झालं. गाभा उजळ असतो, म्हणून तो पहिल्याच फोटोत येतो. बाहेरच्या भुजा २४-२५ प्रतीपर्यंत उतरतात, तिथे दीर्घिकेचा वाटा आकाशाच्या अडीच टक्क्यांवरून एक टक्क्यावर येतो.

या एका आकड्यात प्रकरणाचं बहुतेक निदान आहे. दुर्बीण मोठी घेतली तर ती दीर्घिकेचा प्रकाश जास्त गोळा करेल आणि आकाशाचाही तेवढाच जास्त करेल. सोळाला एक हे प्रमाण तसंच राहील. शिवाय आठ इंची नळी त्या माउंटला जड जाते, मग वाऱ्याची झुळूक आली तरी तारे लांबट होतात. फिल्टरचंही तसंच. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड ठरावीक तरंगलांबींवर एकवटलेला असायचा, तेवढा कापता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरतो आणि दीर्घिकेतल्या अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाशही तसाच सलग असतो. फिल्टर एक कापताना दुसऱ्यालाही कापतो. तेजोमेघांसाठी अरुंद पट्ट्याचे फिल्टर खरोखर उपयोगी आहेत. दीर्घिकेसाठी त्यांवर पैसे घालू नयेत, असं मी स्पष्ट सांगतो.

आकाश काळं मिळालं तर प्रमाण खरंच बदलतं. २१.५ प्रतीच्या आकाशाखाली सोळाला एकचं चाराला एक होतं आणि तिथला एक तास अंगणातल्या चार तासांची बरोबरी करतो. तापी ओलांडून चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी जावं, हा विचार म्हणूनच योग्य आहे. पण नोकरी करणाऱ्या माणसाला सगळं सामान, बॅटरी आणि सोबत घेऊन तिथे वरचेवर जाता येत नाही. अंगणात जेवण झालं की दहा पावलांवर दुर्बीण असते, आणि तास गोळा होतात ते तिथेच.

डोक्यावरचं आकाश

अमळनेरचा अक्षांश २१ अंशांच्या जरासा वर आणि एम ७४ ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, जसा आकाशातला अक्षांश) उत्तर १५ अंश ४७ कला, म्हणजे आर्कमिनिटं. याम्योत्तर ओलांडताना ती खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम सव्वापाच अंशांवर असते. लंडनच्या माणसाला ती कधीच ५४ अंशांच्या वर मिळत नाही. आपल्याला ती ८५ अंशांवर मिळते, आणि या देणगीकडे आपण लक्षच देत नाही याची मला खंत वाटते.

उंचीला एवढं महत्त्व कशासाठी? तीस अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या वस्तूच्या दुप्पट हवेतून येतो. खान्देशातल्या हिवाळ्यात ही हवा कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. संध्याकाळी चुलींचा, पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर गार हवेच्या थराखाली अडकतो आणि जमिनीलगत पसरून राहतो. शहराच्या दिव्यांचा घुमटही क्षितिजालगतच असतो. बाजूला पाहिलं तर या सगळ्याच्या आरपार पाहावं लागतं, सरळ वर पाहिलं तर सर्वांत पातळ भाग वाट्याला येतो.

कार्तिक अमावास्येच्या सुमारास एम ७४ आपल्याकडे रात्री साडेनऊच्या आसपास याम्योत्तरावर येते. आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास ती साठ अंशांच्या खाली येत नाही. साडेसात ते साडेअकरा ही चार तासांची खिडकी सकाळी शाळा असलेल्या माणसालाही झेपते. ठरवलं ते एवढंच: या खिडकीबाहेर शटर उघडायचं नाही.

ती शोधायलाही सोपी जागा आहे. रेवती आणि अश्विनी या दोन नक्षत्रांच्या मधोमध, मीनेतल्या ईटा या ३.६ प्रतीच्या ताऱ्यापासून पूर्व-ईशान्येला सव्वा अंशाच्या थोडं पुढे. ईटावर दुर्बीण नेमकी बसवायची आणि तिथून सरकायचं. कॅमेऱ्याची चौकट दोन अंशांच्या आतली, त्यामुळे दीर्घिका मध्यावर आणली की ईटा चौकटीबाहेर जातो आणि त्याची चमक चित्रात घुसत नाही.

मध्यरेषा ओलांडताना विषुववृत्तीय माउंट उलटं फिरवावं लागतं. बरेच जण या कटकटीला कंटाळून एकाच बाजूचे फोटो घेतात. इथे त्याचा फायदा घेतला. माउंट उलटलं की कॅमेरा आकाशाच्या हिशेबाने १८० अंशांत फिरतो, पण नळीच्या हिशेबाने जागचा हलत नाही. म्हणून धुळीचे डाग चौकटीत जिथल्या तिथे राहतात आणि दीर्घिका उलटी होते. दोन्ही बाजूंचे फोटो एकत्र केले की उरलेसुरले डाग एकमेकांवर न पडता विरतात.

काळी जमीन

कार्तिकातल्या पहिल्या रात्री गाइडिंगच्या आलेखात एक विचित्र गोष्ट दिसली. क्रांतीची रेघ संध्याकाळी सुरुवातीला हळूहळू एका बाजूला घसरायची, दहानंतर सरळ व्हायची. ध्रुवीय अक्ष, म्हणजे माउंटचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, चुकीचा लागला असता तर रेघ रात्रभर घसरली असती. माउंट उघडून पाहिलं, पट्टे घट्ट केले, वजनं सरकवून पाहिली. कारण जमिनीत होतं. ताई सूर्यास्ताच्या वेळी वाफ्यांना पाणी द्यायची आणि तिपाईचा एक पाय वाफ्यालगत होता. आपली काळी माती पाणी पिते तशी फुगते, मऊ होते, आणि सुकली की भेगाळते. तो पाय पहिले दोन तास केसभर खाली बसत राहायचा. १.४ आर्कसेकंदाच्या पिक्सेलला तेवढं फार झालं.

वाफे हलवणं प्रश्नाबाहेर होतं आणि गरजही नव्हती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, बोअरच्या ओट्याजवळ तीन खड्डे घेतले, हाताच्या कोपराएवढे खोल. त्यांत दगडगोटे आणि मुरूम ठोकून बसवला, वर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले आणि तिपाईच्या टोकांच्या जागा ऑइल पेंटने रंगवल्या. आता तिपाई दर वेळी त्याच जागी उभी राहते. अंगणात कायम दुर्बीण मांडणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी करायला सांगेन.

जागा बदलली तरी ध्रुवतारा टाकीमागेच. आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त २१ अंश वर असतो, त्यामुळे गावातल्या बहुतेक अंगणांतून तो कशाच्या तरी आड जातो. म्हणून अक्ष जुळवण्यासाठी सरकत्या ताऱ्याची पद्धत वापरली. दक्षिणेला याम्योत्तराजवळचा, खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा गाइडिंगच्या पडद्यावर धरायचा आणि मोटर चालू ठेवून पाहत राहायचं. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेकडचा किंवा पश्चिमेकडचा खालचा तारा घेऊन अक्षाची उंची तशीच सुधारायची. पहिल्यांदा याला पाऊण तास गेला. पाय रंगवलेल्या जागी ठेवायला लागल्यापासून पुढच्या रात्री थोडी डागडुजी पुरायची.

दिवे आणि दव

पथदिव्याबद्दल तक्रार करायची नाही, असं आम्ही ठरवलं. बायाबापड्या त्या रस्त्याने अंधारात येतात. बांबूच्या चौकटीवर हिरवी शेडनेट दुहेरी ताणली, खालच्या अर्ध्या भागाला ताडपत्री लावली आणि तो आडोसा पूर्वेला उभा केला. त्याने आकाश अंधारत नाही. पण दिव्याचा थेट उजेड नळीच्या तोंडावर, फोकसरवर, तारा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर पडायचा तो थांबतो. शेजारच्या जिजींनी ओट्यावरचा बल्ब नऊनंतर बंद ठेवायचं कबूल केलं आणि पाळलंही. शेतीची वीज रात्रपाळीला असते त्या आठवड्यात माणसं बॅटरी घेऊन कुंपणामागून पाणी भरायला जातात. उजेड आत आलेले फोटो दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे, एवढाच उपाय.

न्यूटोनियनमध्ये उजेड मागूनही शिरतो. मुख्य आरशाची बैठक मागे उघडी असते, तिथून जमिनीवरचा परावर्तित उजेड थेट सेन्सरपर्यंत पोचतो. मागच्या बाजूला काळं जाड कापड बांधलं, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला झाकण लावलं.

दवासाठी नळीचं तोंड पुढे वाढवलं. पुठ्ठ्याची गुंडाळी, बाहेरून पपईच्या प्लॉटमधला उरलेला मल्चिंग पेपर, आतून काळा मखमली कागद, कारण मल्चिंग पेपरची काळी बाजू चकाकते. दुय्यम आरशाच्या पाठीला छोटे रेझिस्टर चिकटवून बारा व्होल्टच्या बॅटरीवर हलकी ऊब दिली. मग साडेअकरापर्यंत आरसा कोरडा राहू लागला.

थंडीचा एक मोठा फायदा आहे. सेन्सरमध्ये उष्णतेमुळे तयार होणारा खोटा संकेत, ज्यातून गोंगाट येतो, तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही तीस अंशांच्या आसपास हवा असते, मार्गशीर्षात ती बारा-पंधरावर येते. त्याच कॅमेऱ्याचा हा खोटा संकेत हिवाळ्यात पाच-सहा पटींनी कमी होतो, फुकट.

फ्लॅट

आता ज्या गोष्टीने हे प्रकरण खऱ्या अर्थाने सुटलं तिच्याकडे येतो. पहिल्या फोटोंना फ्लॅट फ्रेम नव्हत्या. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो, त्याच दुर्बिणीतून, त्याच फोकसला, कॅमेरा तसूभर न फिरवता. नळीमुळे कोपरे किती काळवंडतात आणि सेन्सरपुढच्या काचेवर धूळ कुठे आहे, याची ती नोंद असते. खऱ्या फोटोला तिने भागलं की हे दोष निघून जातात.

बहुतेकांना फ्लॅट ही चित्र नीटनेटकं करण्याची शेवटची पायरी वाटते. वर काढलेल्या आकड्यांशेजारी तिला ठेवून पाहा. भाच्याच्या जोडणीत चौकटीचे कोपरे मध्यापेक्षा पाव हिश्शाने काळे होते, म्हणजे पंचवीस टक्के. दीर्घिका सरासरीने आकाशाच्या सहा टक्के. धुळीच्या एका कड्याची छाया दोन टक्के, आणि बाहेरची भुजा एक ते अडीच टक्के! म्हणजे फ्लॅट नसेल तर धुळीचं कडं आणि दीर्घिकेची भुजा यांत फरक करायला कुठलाही आधार उरत नाही. कितीही तास जमवले तरी दोन्ही सारख्याच स्पष्ट होत जातात. ती चार-पाच राखाडी कडी उजेड ताणला की भुजांच्याच जागी, भुजांइतक्याच ठळकपणे यायची. मोठी दुर्बीण घेतली असती तर धूळ तिच्याही सेन्सरवर बसलीच असती.

आणि धूळ आपल्याकडे भरपूर. कापूस वेचणीचे दिवस, हवेत बारीक तंतू उडतात, काळ्या मातीची भुकटी वाऱ्यावर असते, आणि न्यूटोनियनची नळी तोंडाशी उघडी. म्हणून काम संपल्यावर कॅमेरा काढायचा नाही, असा नियम केला. नळी कॅमेऱ्यासकट माउंटवरून उतरवून तशीच खोलीत, फोकसचा स्क्रू घट्ट, तोंडाला टोपी. सकाळी सूर्य वर येण्याआधी ती गच्चीवर न्यायची, तोंडावर आजोबांच्या जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा दुहेरी ताणून रबराने बांधायचा, एकही सुरकुती ठेवायची नाही, आणि नळी डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे धरायची. आयएसओ रात्रीचाच. हिस्टोग्रामचं (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाचं) टोक मध्याच्या आसपास येईल एवढा वेळ. असे तीसएक फोटो घ्यायचे, मधेच कापड थोडं फिरवायचं, म्हणजे कापडाचा पोत सरासरीत निघून जातो. शटर तेवढाच वेळ उघडं ठेवून, झाकण लावून घेतलेले फोटो सोबत घ्यायचे, म्हणजे फ्लॅटमधली कॅमेऱ्याची स्वतःची पातळी वजा करता येते; ती वजा केली नाही तर भागाकार चुकतो आणि कोपरे थोडे काळेच राहतात.

पहिल्या रात्रीच्या फोटोंना असे फ्लॅट लावल्यावर कडी नाहीशी झाली, कोपरे सपाट झाले, आणि मधल्या डागाची एक बाजू दुसरीपेक्षा लांब आहे हे पहिल्यांदा दिसलं.

तास

बाकीचं काम सबुरीचं. आयएसओ ८००, नव्वद सेकंदांचा एकेक फोटो. एफ/५ ला त्या आकाशाखाली एवढ्या वेळात आकाशाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या वाचनातल्या गोंगाटाला मागे टाकतो; त्याहून लांब फोटो घेतल्याने फारसं काही मिळत नाही आणि एखाद्या झुळकीने फुकट जाणारा वेळ वाढतो. दर दोन-तीन फोटोंनी दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवायची, म्हणजे सेन्सरवरचे स्वभावदोष एकाच रेषेत साचत नाहीत. अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या निरभ्र रात्री मिळून निवडक फोटोंचे नऊएक तास जमले. गोंगाट तासांच्या वर्गमुळाने उतरतो, म्हणून एका तासाचे नऊ तास केले की चित्र तिप्पट स्वच्छ होतं, आणि सव्वा प्रत अंधूक असलेला भाग पूर्वीच्याच ठळकपणे दिसू लागतो. बाहेरच्या भुजा नेमक्या त्या सव्वा प्रतीत होत्या.

जोडणी सिरिल या मोफत प्रोग्रॅममध्ये केली. पार्श्वभूमीचा उतार काढताना नमुन्याचे ठिपके आपोआप टाकू दिले नाहीत. ते दीर्घिकेच्या अंधुक कडेवर पडले तर प्रोग्रॅम तिलाच उजेडाचं प्रदूषण समजून पुसतो. ठिपके हाताने, दीर्घिकेपासून चांगले लांब ठेवले. चित्र आपोआप टोकदार करणारी नवी साधनं अजिबात वापरली नाहीत. एक टक्क्याच्या संकेतावर अशी साधनं नसलेला तपशील रेखतात, आणि मग आपण काय टिपलं हेच कळत नाही.

लॅपटॉपवर उजेड हळूहळू ताणला तेव्हा ताई मागे उभी होती. "काय दिखस रे भाऊ?" तिने विचारलं. त्याने काही न बोलता बोटाने पडद्यावरची वळणं दाखवली: गाभ्यातून निघणारी एक भुजा, मग दुसरी, आणि त्यांवर दाण्यांसारखे निळसर पुंजके. ताईने तीच वळणं स्वतःच्या बोटाने पुन्हा गिरवून पाहिली.

दिसलं ते खरं आहे का, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे आणि ती प्रत्येकाने वापरावी. सगळे फोटो एकाआड एक दोन गटांत वाटायचे आणि दोन वेगळे स्टॅक करायचे. खरी गोष्ट दोन्हींत, त्याच जागी येते. गोंगाट एकातच येतो. दोन्ही भुजा आणि मोठे पुंजके दोन्ही स्टॅकमध्ये होते. एका भुजेचं टोक म्हणून आम्ही धरलेला भाग एकातच होता, तो वर्णनातून वगळला. मग डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे या, मोठ्या दुर्बिणींनी घेतलेल्या आकाशचित्रांच्या संग्रहातल्या चित्राशी एकेक पुंजका ताडला. प्रत्येक रात्रीचा स्टॅक वेगळाही ठेवला आहे. या दीर्घिकेत २००२, २००३ आणि २०१३ मध्ये अतिनवतारे (स्फोट पावलेले तारे) सापडले आहेत, आणि मीन रास क्रांतिवृत्तावरची असल्याने लघुग्रहही चौकटीतून जाऊ शकतात. नवा ठिपका दिसलाच तर तो एका रात्रीत सरकतो की जागच्या जागी राहतो, हे त्या वेगळ्या स्टॅकवरूनच कळेल.

हा प्रकाश सुमारे तीन कोटी वीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला. ज्या दगडाची माती होऊन तिपाईचा पाय खचला तो दख्खनचा बेसाल्ट त्याच्याही दुप्पट जुना आहे. भाच्याने वर्गात हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि मुलांना चित्र दाखवलं.

काय राहिलं

भुजांवरचे गुलाबी हायड्रोजनचे ठिपके जवळजवळ आलेच नाहीत. कॅमेऱ्यातला कारखान्याचा फिल्टर त्या खोल लाल रंगाचा मोठा भाग अडवतो. तो काढून घेतला तर ते ठिपके येतील, पण मग साध्या फोटोंना कॅमेरा तसा उपयोगी राहत नाही, आणि घरात लग्नकार्याला हाच कॅमेरा असतो. तो तसाच ठेवायचं ठरलं. चौकटीच्या कडांना तारे शेपट्यांसारखे ओढले जातात, हा एफ/५ आरशाचा स्वभाव. त्यावर कोमा करेक्टर (ही ओढ सुधारणारं भिंग) लागेल आणि आठ इंची दुर्बिणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग त्यात जाईल. माझ्या मते तो खर्च योग्य आहे.

पुढची दीर्घिका निवडतानाही क्रांतीचाच आकडा आधी पाहिला. शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३ कितीतरी उजळ आहे, पण तिची क्रांती दक्षिण २५ अंश; अमळनेरहून ती ४४ अंशांच्या वर येत नाही, आणि भाच्याच्या घरून दक्षिणेलाच शहराचा सगळा उजेड आहे. सिंहेतली एनजीसी २९०३ त्याने ठरवली आहे. प्रत ९ च्या आसपास, क्रांती उत्तर साडेएकवीस अंश, म्हणजे त्याच्या फरशांच्या बरोबर माथ्यावर, खस्वस्तिकापासून अर्ध्या अंशात. फेब्रुवारीच्या मध्यावर ती साडेबाराच्या सुमारास याम्योत्तरावर येते. सकाळची शाळा पाहता तो याम्योत्तराआधीचेच दोन तास घेणार आहे, माउंट न उलटता, आणि उरलेले तास मार्चच्या अमावास्येला, जेव्हा ती साडेदहाच्या सुमारास डोक्यावर येईल.